अक्षरांची कोडी कशी रचायची: पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी, उत्तरापासून मागे येत

मराठी भाषा दिन जवळ आला की, सोसायटीच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम ठरला की, किंवा जुलैच्या पावसात खेळाचा तास वर्गातच काढायची वेळ आली की कुणीतरी सुचवतं, "मुलांना चार कोडी घाला." मग मोबाइलवर शोधाशोध होते. जी कोडी सापडतात त्यातली निम्मी मुलांना पाठ असतात आणि उरलेली इंग्रजीतून उचललेली असतात. त्यापेक्षा आपली आपण रचलेली बरी. एकदा रीत कळली की एका संध्याकाळी दहा-बारा सहज होतात.

इथे कोडी म्हणजे वर्तमानपत्रातलं आडवे-उभे चौकटींचं शब्दकोडं नव्हे. वस्तूचं वर्णन करून "ओळखा पाहू" म्हणायचं तेही नव्हे. ज्यांची किल्ली शब्दाच्या अक्षरांत किंवा त्याच्या दोन अर्थांत आहे, ती ही कोडी.

आधी हे जवळ घ्या

- ए-फोर आकाराचे दहा कार्डशीट. एकाचे चार तुकडे केले की साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटीमीटरची कार्डं होतात, म्हणजे एकूण चाळीस.
- जाड टोकाचे दोन स्केचपेन, दोन रंगांचे. प्रश्न एका रंगात, उत्तर मागच्या बाजूला दुसऱ्या.
- साध्या कागदाच्या पट्ट्या, पंधरा सेंटीमीटर लांब आणि पाच रुंद, प्रत्येकीवर तीन चौकोन. यांचा उपयोग तिसऱ्या पायरीत आहे.
- एक मराठी शब्दकोश. वाद झाला की निकाल त्याने द्यायचा, तुम्ही नाही.
- फळा, पांढरा किंवा काळा. अक्षरांची कोडी नुसती बोलून चालत नाहीत, लिहावी लागतात.

१. अक्षरं मोजायचा नियम आधी ठरवा

पहिलं भांडण इथेच होतं. "पुस्तक" तीन अक्षरी की चार? तीनच: पु, स्त, क. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार आपल्या अक्षरासोबतच राहतात. जोडाक्षर एकच धरायचं. "मुंबई"सुद्धा तीनच: मुं, ब, ई. हा नियम खेळ सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा आणि दोन-तीन शब्द मुलांकडून मोजून घ्या.

पहिली-दुसरीसाठी जोडाक्षरांचे शब्द घेऊच नका. त्या वयाची मुलं "स्त" वेगवेगळं वाचतात, आणि मग तुमचं कोडं बाजूला राहून वाचनाचा धडा सुरू होतो.

आणखी एक धोका संगणकाचा. शब्द उलटा करून देणाऱ्या सोयी बहुतेक वेळा काना-मात्रा वेगळ्या धरतात, त्यामुळे मराठी शब्दाचा चुराडा होतो. मोबाइलवर एक अक्षर पुसायला गेलात तरी आधी वेलांटी जाते, मग अक्षर. हे काम हातानेच करा.

२. कोडं पुढून लिहू नका, उत्तरापासून मागे या

नवखा माणूस आधी गमतीदार प्रश्न सुचवायला बसतो. तासाभरात दोन प्रश्न होतात, त्यातल्या एकाला उत्तर नसतं. आधी शब्द घ्या, तो उलटा करून, तोडून, दोन अर्थांनी तपासून पाहा. शब्दात काही सापडलं तरच प्रश्न लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच रीतीच्या आहेत.

३. अक्षर काढायची कोडी

सगळ्यात जास्त रंगतो तो हाच प्रकार. तीन अक्षरी शब्द घ्यायचा. पहिलं, मधलं आणि शेवटचं अक्षर आळीपाळीने काढायचं. उरलेल्या दोन अक्षरांचा शब्द होतो का पाहायचा.

वहीत चार रकाने आखा: पूर्ण शब्द, पहिलं काढून, मधलं काढून, शेवटचं काढून. आता भरत जा.

गाजर: जर, गार, गाज.
काजळ: जळ, काळ, काज.
भाकर: कर, भार, भाक.
सागर: गर, सार, साग.
बाजरी: जरी, बारी, बाज.
चादर: दर, चार, (चाद नाही).
घागर: गर, घार, (घाग नाही).
माकड: कड, माड, (माक नाही).
कागद: गद, काद, काग. मुलांच्या ओळखीचा एकही नाही, सोडून द्या.

तीनपैकी दोन शब्द मुलांच्या ओळखीचे असले की कोडं होतं. तिन्ही जमले तर सोनं. माकडाच्या पोटातून माड निघतो, हे तर मुलं घरी जाऊन सांगतात.

शब्द शोधायला एक आडाखा आहे, तो धरला तर निम्मा वेळ वाचेल. वरची यादी पुन्हा पाहा: बहुतेक शब्दांच्या पहिल्या अक्षराला काना आहे, पुढची दोन बिनकान्याची आहेत. अशा शब्दातून अक्षर काढलं की एकतर "गार, भार, काळ"सारखा शब्द उरतो, नाहीतर "जर, कर, दर"सारखा; आणि मराठीत या दोन्ही घाटांचे दोन अक्षरी शब्द भरपूर आहेत. शेवटी र किंवा ळ असेल तर शक्यता आणखी वाढते. वेलांटी-उकाराचे शब्द घेतलेत तर मात्र उरलेलं अक्षर बहुधा लंगडं होतं. "हरिण"मधून काय काढणार?

शब्द मिळाला की ओळी लिहा. प्रत्येक तुकड्याला एक खूण, आणि पूर्ण शब्दाची खूण शेवटी:

पहिलं काढा, पाणी उरेल,
मधलं काढा, वेळ सरेल,
शेवटचं काढा, बटण शिरेल,
सगळं ठेवा, डोळ्यात भरेल.

(काजळ.) यमक जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर ओढून आणू नका. यमकासाठी खूण चुकीची दिलीत तर मूल तीच खूण धरून बसतं.

आता त्या कागदी पट्ट्या. तीन चौकोनांत गा, ज, र लिहा. डावा चौकोन मागे दुमडला की "जर", उजवा दुमडला की "गार" नाही, "गाज". मुलं इथे हमखास घोटाळा करतात, म्हणून पट्टी हातात द्या. मधला चौकोन लपवायला त्याच्या मधोमध घडी घाला आणि ती मागे ढकला, म्हणजे दोन्ही टोकांचे चौकोन एकमेकांना भिडतात आणि "गार" दिसतं. ज्या मुलाला नुसतं ऐकून काही कळत नव्हतं, त्यालाही पट्टी मिळाली की कळतं.

एक चाळणी शेवटी लावा: तुकड्यांतले शब्द मुलांना ठाऊक आहेत का? "भाक" म्हणजे वचन, "कास" म्हणजे गाईची कास, हे मुंबईतल्या दुसरीच्या मुलाला माहीत असेलच असं नाही. असा एखादा शब्द चालतो, पण त्याची खूण सोपी द्या आणि उत्तरानंतर अर्थ सांगा. गाजरातल्या "गाज"ला मात्र समजावणं लागत नाही. वरळी किंवा दादर चौपाटीवर पावसाळ्यात उभं राहिलेल्या मुलाला "समुद्राच्या आवाजाला काय म्हणतात" इतकं पुरे.

४. लोकलचा नकाशा समोर ठेवा

मुंबईच्या मुलांना स्थानकांची नावं पाढ्यांसारखी येतात, त्यामुळे उत्तर ओळखीचं असणार ही खात्री आधीच असते. शिवाय ही नावं कोड्यांसाठीच घडवल्यासारखी आहेत.

दादर घ्या. पहिलं काढलं तर दर, मधलं काढलं तर दार, शेवटचं काढलं तर दाद. कोडं असं करा: "पहिलं काढलं तर भाजीवाल्याला विचारता, मधलं काढलं तर बेल वाजली की उघडता, शेवटचं काढलं तर चांगल्या गाण्याला देता. सगळं ठेवलं तर पश्चिमची गाडी सोडून मध्यची धरता." वर आणखी गंमत म्हणजे दादर म्हणजे जिना, आणि त्या स्थानकात जिने चढल्याशिवाय गाडी बदलता येत नाही.

मालाडही तिन्ही बाजूंनी फुटतं: लाड, माड, माला. परळमधलं मधलं अक्षर काढा, पळ. वडाळ्याचं शेवटचं काढा, वडा.

काही नावं दोन तुकड्यांत मोडतात. घाटकोपर: "अर्धं सह्याद्रीत, अर्धं तुमच्या हातात." चिंचपोकळी: "आधी आंबट, मग रिकामं." गोरेगाव इतकं सरळ आहे की ते पहिलीसाठी ठेवा. दहिसर लिहिताना "दहि" ऱ्हस्व येतो, वाटीतलं दही दीर्घ. चौथीच्या वर्गात कुणीतरी हे पकडणारच, पकडलं तर शाबासकी द्या. खार म्हणजे झाडावर तुरुतुरु पळणारी, आणि शीव म्हणजे गावाची हद्द.

सापळा इथेही आहे. घरोघरी शीवला सायन आणि वांद्र्याला बांद्रा म्हणतात. कोडं मराठी नावावर बेतलेलं असेल तर खेळाआधी फलाटावरच्या पाटीवरचं मराठी नाव हवं, एवढं सांगून टाका.

५. उलटी कोडी

दोन अक्षरी शब्द उलटा वाचायचा. स्वयंपाकघरातून सुरुवात करा:

तवा उलटा, वात.
रवा उलटा, वार.
मका उलटा, काम.
वडा उलटा, डाव.
चहा उलटा, हाच.
जीभ उलटी, भजी.

"तव्याला उलटं केलं आणि देवघरात लावलं, काय?" एवढंच कोडं. दहीहंडीच्या आसपास "रथ उलटा केला की त्यावर गोविंदा चढतात" (थर) हे हमखास चालतं.

फक्त तोंडी विचारलं तर ही कोडी अडतात, आणि त्याचं कारण आहे. बोलताना शब्दाच्या शेवटचा "अ" आपण गिळतो. "जीभ" कानाला "जीभ्" ऐकू येते, म्हणून कानाने उलटायला गेलं की "भजी" सापडत नाही. फळ्यावर जी, भ अशी दोन अक्षरं लिहा आणि मग बोट उजवीकडून डावीकडे फिरवा. लगेच सुटतं.

दोन्हीकडून सारखे वाचले जाणारे शब्दही इथेच घ्या: नवीन, कडक, नयन, मलम, सरस. मुलं उत्साहात "लाल" सांगतात. ला आणि ल सारखे नाहीत, उलटं केलं की "लला". चूक म्हणून झटकू नका. काना सोबत राहतो हा नियम याच उदाहरणाने पक्का होतो. मग मोठी वाक्यं द्या, जी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत: "रामाला भाला मारा", "ती होडी जाडी होती", "टेप आणा आपटे". "चिमा काय कामाची" मात्र चौथी-पाचवीला तपासायला द्या. पहिली "चि" ऱ्हस्व आहे, शेवटची "ची" दीर्घ. कानाला बरोबर, लेखणीला चूक. यावर पाच मिनिटं सहज जातात, आणि जाऊ द्यावीत.

६. दोन अर्थांची कोडी, आणि लिंगाचा सापळा

"असा कोणता काटा जो टोचत नाही?" घड्याळाचा. "असा कोणता पाव जो बेकरीत मिळत नाही?" पाव किलोतला. "असा कोणता घोडा जो हरभरे मागत नाही?" बुद्धिबळातला. "शेतकरी म्हणतो पेरू, मुलं म्हणतात कापून द्या" हे तर प्रश्न न विचारताच हसवतं.

शब्द शोधायला अवघड नाहीत: पान, पालक, कळ, तार, डाव, अंक, मान, काटा. अडचण येते ती वाक्य लिहिताना. मराठीत दोन अर्थांच्या पुष्कळ शब्दांचं लिंग अर्थागणिक बदलतं. नाव (आपलं) नपुंसकलिंगी, नाव (होडी) स्त्रीलिंगी. गळ्यातला हार पुल्लिंगी, खेळातली हार स्त्रीलिंगी. मण्यांची माळ स्त्रीलिंगी, मोकळा माळ पुल्लिंगी. गिरगावातली चाळ स्त्रीलिंगी, नाचणाऱ्याच्या पायातले चाळ पुल्लिंगी. आता "मी पाण्यावर तरंगते आणि वहीवर असतं" असं लिहिलंत तर क्रियापदानेच कोडं फोडलं, किंवा मुलाला वाटलं की तुमचं व्याकरण चुकलं.

यावर तीन उपाय आहेत. एक, "मला" घाला: "मला पाण्यात सोडतात, मला वहीवर लिहितात." यात लिंग दिसत नाही. दोन, भविष्यकाळ वापरा: "मी पाण्यावर तरंगेन, मी वहीवर बसेन." तीन, लिंग न बदलणारे शब्दच निवडा. नवख्याने तिसरा धरावा. पान कुठलंही असो, नपुंसकलिंगीच. कळ बटणाची असो की पोटातली, स्त्रीलिंगीच.

दुसरा सापळा उच्चाराचा. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे पाण्याचा. लिहिताना एकच, बोलताना ज वेगळा. असं कोडं कार्डावर लिहून द्या, तोंडी घालू नका. "मग" (नंतर) आणि "मग" (बादलीतला) मात्र दोन्हीकडे चालतं.

तिसरा, काळाचा. "तार" शब्दावर जुनी कोडी टपालाच्या तारेची आहेत. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजच्या प्राथमिक शाळेतल्या एकाही मुलाने ती तार पाहिलेली नाही. सतारीची तार किंवा विजेची तार घ्या.

उत्तर एकच असावं असा हट्ट धरू नका. "असं कोणतं पान जे झाडाला येत नाही?" याला वहीचं, पत्त्यांतलं आणि पंगतीत वाढलेलं, तिन्ही बरोबर. कार्डावर तुमचं उत्तर वेगळं असेल तरी गुण द्या. उलट तिसरं उत्तर काढणाऱ्याला जास्त द्या.

७. वाक्यात लपलेले शब्द

तिसरीपासून पुढे. "मामा कडक शिस्तीचे आहेत" यात एक प्राणी आहे. (मा-मा-क-ड-क: माकड.) आणखी काही:

"उसाचा रस साठवला." ससा.
"आमचं काम कालच झालं." मका.
"आता कळलं!" ताक.
"सर्वांचा आनंद हीच दिवाळी." दही.
"वा, घर छान आहे!" वाघ.

रचायची रीत: लपवायचा शब्द मधून तोडा. "मा" आणि "कड". मग "मा"ने संपणारा एक शब्द आणि "कड"ने सुरू होणारा दुसरा शोधा, आणि दोघांना शेजारी बसवा. मध्ये प्रत्यय आला की डाव उधळला: "मामाने कडक" केलंत की माकड पळालं. "चष्मा कडक"सुद्धा नाही चालत, तिथे "ष्मा" आहे, "मा" नाही. आणि प्राणी, खाऊ, भाजी यातलं काय शोधायचं ते आधी सांगा. न सांगता विचारलं तर मुलं वाक्यातला दिसेल तो शब्द सांगत सुटतात.

इंग्रजी कोडी भाषांतर करून आणायचा मोह होईल. शब्दांच्या खेळातली येत नाहीत. इंग्रजीत घड्याळाला हात असतात म्हणून "हात आहेत पण टाळी वाजवत नाही" जमतं. आपल्या घड्याळाला काटे आहेत.

८. वर्गात घालताना

पस्तीस मिनिटांच्या तासाला आठ कोडी पुरतात. पहिली दोन इतकी सोपी की मागच्या बाकावरचाही हात वर येईल. सगळ्यात अवघड सहावं ठेवा, शेवटचं पुन्हा सोपं. कोडं दोनदा वाचा, मग पंधरा सेकंद गप्प राहा. ही पंधरा सेकंद मोठ्या माणसांना फार लांब वाटतात आणि ते उत्तर सांगून टाकतात. हात वर करायचा, ओरडायचं नाही. नाहीतर तीन हुशार मुलं सगळा तास खातात. त्याहून बरं म्हणजे पाटीवर किंवा वहीत लिहून एकदम दाखवायचं.

अडलं तर खुणा या क्रमाने द्या: आधी अक्षरं किती, मग एका तुकड्याचा अर्थ, मग पहिलं अक्षर. पहिलं अक्षर आधी दिलंत तर उरतं काय?

मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं एकत्र असतील, सोसायटीत बहुधा असतातच, तर जोड्या मिसळून करा आणि स्थानकांची व स्वयंपाकघराची कोडी आधी घ्या. "चादर" सगळ्यांच्या घरी असते.

कुणाच्या आडनावावर, रंगावर, जाडीवर कोटी होईल असं कार्ड गठ्ठ्यातून काढून टाका. मुलांनी तसं रचलं तर फळ्यावर चढवू नका, दुसरा शब्द सुचवा.

९. मग मुलांना रचू द्या

शेवटची दहा मिनिटं पट्ट्या त्यांच्या हाती. चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला तीन अक्षरी सहा शब्द: नगर, वादळ, मगर, पालक, कानस, कागद. यात कागद मुद्दाम घातला आहे. ओळखीचं काहीच निघत नाही हेही शोधून काढायचंच असतं. नगरमधून नग, नर, गर निघतात. पालकमधून पाल आणि पाक निघतात, आणि शिवाय तो भाजीही आहे आणि सभेला येणाराही. कानसमधून कान, नस आणि कास निघतात, पण कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, हे आधी सांगावं लागेल. वादळ आणि मगर तुम्ही सोडवून पाहा.

एखाद्या गटाने "हा शब्द असतो" म्हणून हट्ट धरला तर शब्दकोश पुढे करा. सापडला तर गुण त्यांचा, आणि तुमच्या वहीच्या चौथ्या रकान्यात एका शब्दाची भर.